जंगलातल्या मुक्कामी पोटशूळ: एका घोडेसफरीचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम कडेला, सह्याद्रीच्या माथ्यालगत, नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तीन दिवस-दोन रात्रींची घोडेसफर निघाली. गावं, वाडी, माणसं यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. वाट अभयारण्याबाहेरून, राखीव वनातून जाणारी होती. वनखात्याची लेखी परवानगी होती आणि तिच्यात दोन अटी होत्या: विस्तव पेटवायचा नाही, आणि सूर्यास्तानंतर मुक्कामाची जागा सोडायची नाही. (वाट अभयारण्यातून असती तर 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे घोड्यांच्या लसीकरणाचाही प्रश्न आला असता. कायद्याच्या लेखी घोडाही पाळीव पशूच, आणि लस टोचल्याशिवाय असा पशू अभयारण्यात नेता येत नाही. गाई-म्हशींपुरताच हा नियम आहे अशी बऱ्याच जणांची समजूत असते.)

सहा घोडी होती. चार पाहुण्यांसाठी, एक सफरप्रमुखासाठी आणि एक सामानाचा घोडा. त्याला बागडोरीने धरून मोतद्दार, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारा माणूस, पायी चालत होता. शिवाय वाडीतला एक वाटाड्या. पहिला मुक्काम जीप पोचेल अशा ठिकाणी होता, तिथवर चारा गाडीने आला. दुसरा मुक्काम सड्याच्या कडेला, झाडीत. तिथून डांबरी रस्ता घाटवाटेने 7 किलोमीटर, बैलगाडीच्या जुन्या रस्त्याने 11.

ज्या घोडीचं हे प्रकरण आहे ती कुम्मैत (तांबूस-तपकिरी अंग, काळी आयाळ) रंगाची, अकरा वर्षांची, अंदाजे 330 किलो वजनाची. कामाला सरावलेली, पायाला पक्की, आजवर पोटाची तक्रार नाही. निघण्यापूर्वी नालबंदी झाली होती. दात तपासलेले नव्हते.

घरचं खाणं आणि सफरीचं खाणं यातला फरक पुढे कळीचा ठरतो, म्हणून तो आधीच मांडून ठेवतो. घरी तिला दिवसाला साधारण 15 किलो हिरवा मका किंवा हत्तीगवत, 3 किलो कडब्याची कुट्टी आणि 2 किलो चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, मिळायचा. सफरीवर हिरवा चारा नेणं जड जातं म्हणून 6 किलो कडबा, तोही न कापलेला, जाड ताटांचा. आणि ‘काम जास्त आहे’ म्हणून चंदी 2 वरून एकदम 3 किलो.

दुसरा दिवस

सकाळी पावणेसातला घोडी सुमारे 8 लिटर पाणी प्याली. साडेसातला कूच. पहिल्या तीन तासांत साडेपाचशे मीटरची चढण. ऊन चढलेलं, हवा बंद, कारवीच्या दाटीतून जाणारी वाट. माथ्याखालच्या ओढ्यावर सगळे पोचले तेव्हा 11 वाजून 10 मिनिटं झाली होती. घोड्यांच्या माना आणि तंगाखालची (खोगीर आवळायच्या पट्ट्याखालची) जागा घामाने फेसाळली होती.

इथे पहिला निर्णय झाला. ओढ्याला चांगलं वाहतं पाणी होतं. पुढची तीन घोडी न विचारताच प्याली. मागच्या तिघांना सफरप्रमुखाने थोपवलं. ‘तापलेल्या घोड्याला पाणी दाखवू नये, पोट धरतं’ हे पागेतलं जुनं वाक्य त्याच्या डोक्यात होतं, आणि पुढे तासाभरावर कातळातलं टाकं आहे हेही त्याला माहीत होतं. तिथवर घोडी थंड होतील, मग निवांत पाजू, असा हिशोब. कुम्मैत घोडी मागच्या तिघांत होती.

टाक्यावर साडेबारा वाजले. पाणी होतं, पण खाली गेलेलं, वर हिरवा तवंग. घोडीने नाक खाली नेलं, फुरफुरली आणि मान वर घेतली. दुसऱ्यांदा नेलं तेव्हा ओठसुद्धा लावले नाहीत. तिथेच सावलीत तोबरे बांधून प्रत्येकी दीड किलो चंदी दिली गेली. म्हणजे घाम गेलेला, पाणी नाही, आणि वर कोरडा भरडा.

मुक्कामी साडेचारला पोचले. झरा मुक्कामापासून खाली 400 मीटरवर. पाणी कॅनने आणून निळ्या प्लास्टिकच्या टबात ओतलं. हा टब आदल्या दिवशी गाडीत डिझेलच्या कॅनशेजारी होता. माणसाच्या नाकाला वास येत नव्हता. घोडीने टबावर मान आणली, नाकपुड्या आखडल्या, वरचा ओठ पाण्याला टेकवून मागे घेतला, मग दोन-चार घोट घेतले आणि बाजूला झाली. तिच्या पाठोपाठ आलेल्या घोड्याने टब निम्मा केला, त्यामुळे ‘सगळ्यांनी पाणी प्यालं’ अशी नोंद सगळ्यांच्या मनात झाली. कागदावर कुणीच काही लिहिलं नाही.

साडेसहाला मोतद्दार प्रमुखाकडे आला. “दादा, कुम्मैत चंदीला तोंड लावंना.”

“दमली असंल, मामा. राहू द्या, रात्री खाईल.”

कामाचा घोडा चंदी सोडतो तेव्हा त्याचं काहीतरी दुखतंय असंच धरून चालावं. दमलेला घोडाही चंदी खातो. सावकाश खातो, पण खातो. इथे दोन तास गेले.

अडचण कळली तेव्हाची स्थिती

आठ वाजून चाळीस मिनिटांनी घोडी पुढच्या पायाने जमीन उकरू लागली. मागे वळून कुशीकडे बघणं, वरचा ओठ उलटा करणं, गुडघे मोडून बसायचा प्रयत्न. रात्रीसाठी सगळी घोडी दोन झाडांमध्ये डोक्यावर ताणलेल्या दोराला बांधली होती. दोर सात फुटांवर, खोडांना गोणपाटाच्या चौपदरी पट्ट्या, दोन घोड्यांत आठ फुटांचं अंतर. मांडणी चोख होती, पण असा दोर उभ्या घोड्यासाठी असतो. दुखत असलेला घोडा त्याला बांधलेला असताना बसला तर म्होरकीत मान लटकते. घोडीला लगेच सोडून मोकळ्या सपाट जागेत आणलं, हे बरोबर झालं.

पहिली तपासणी टॉर्चच्या उजेडात झाली. नाडी जबड्याच्या हाडाखाली बोटं ठेवून पंधरा सेकंद मोजली आणि चौपट केली: मिनिटाला 52. निरोगी घोड्याची विसाव्याला 28 ते 44 असते. तापमान 37.9 अंश, म्हणजे ताप नाही. हिरड्या फिकट, हाताला चिकट. हिरडीवर अंगठा दाबून सोडला तर रंग परत यायला जवळजवळ तीन सेकंद. एरवी दोनच्या आत येतो. कान कुशीला लावला तर डाव्या बाजूला अधूनमधून बारीक गुडगुड, उजवीकडे शांत. शेवटची लीद मोतद्दाराने दुपारी तीनच्या सुमाराला पाहिली होती: पाच-सहा लहान, कडक गोळे, वरून चकाकणारा बुळबुळीत थर.

त्या लिदेवरूनच निदानाचा अर्धा अंदाज बांधता येतो. कोरडी, लहान आणि शेंबडाचं आवरण असलेली लीद म्हणजे चारा आतड्यात रेंगाळतोय, आणि आतडं त्यातलं उरलंसुरलं पाणीही शोषून घेतंय.

समोर असलेले पर्याय

फोनची रेंज सड्याच्या टोकाला, बारा मिनिटांवर. नऊ वीसला प्रमुखाचं पशुवैद्याशी बोलणं झालं. आकडे जवळ असल्यामुळे ते पाच मिनिटांत आटोपलं. ‘घोडी लोळतेय, काय करू’ एवढंच सांगितलं असतं तर डॉक्टरांना फोनवरून काहीच ठरवता आलं नसतं.

पर्याय चार होते.

तेल पाजणं. वाटाड्याचा आणि एका पाहुण्याचाही हाच आग्रह होता: गोडं तेल, हिंग, ओवा, बाटलीने. डॉक्टरांनी साफ नकार दिला. घोड्याचं तोंड वर करून बाटलीने काही ओतलं की त्यातलं थोडं श्वासनळीत जाण्याची पुरेपूर शक्यता असते, आणि तेल फुप्फुसात गेलं तर त्यावर उपाय जवळपास नाही. तेल द्यायचं ते नाकातून पोटात घातलेल्या नळीनेच. बैलाला नाळीने पाजतात तसं घोड्याला पाजू नये, यात दुमत नाही.

रात्रीच उतरणं. घाटवाटेने 7 किलोमीटर, त्यातले पहिले अडीच सुट्या दगडांचे. बिबट्याचा वावर. शिवाय परवानगीची अट. प्रमुखाने वनरक्षकाला फोन केला. त्याचं उत्तर व्यवहारी होतं: जनावर मरायला टेकलं तर उतरा, मला कळवून उतरा, पण घाटाने नको, गाडीरस्त्याने या. म्हणजे 11 किलोमीटर.

डॉक्टरांना वर आणणं. ते दुसऱ्या तालुक्यात होते. रस्त्याच्या टोकापर्यंत अडीच तास, तिथून अंधारात चढण. पहाटे तीनच्या आधी शक्य नव्हतं, आणि नळी, पंप, औषधं पाठीवर घेऊन एकट्या माणसाने चढायचं हे कुणालाच पटलं नाही.

औषध देऊन पहाटेपर्यंत थांबणं. सामानात फ्लुनिक्सिन हे वेदनाशामक होतं, 50 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर ताकदीचं, सफरीपूर्वी डॉक्टरांनीच लिहून दिलेलं. 330 किलोला किलोमागे 1.1 मिलिग्रॅम या मापाने 363 मिलिग्रॅम होतात, म्हणजे सुमारे 7 मिलि. प्रश्न होता द्यायचं कसं. हे इंजेक्शन स्नायूत देऊ नये; तिथे जंतूंचा भयानक संसर्ग होऊन घोडा दगावल्याची उदाहरणं आहेत. मानेच्या शिरेत द्यायचं तर हात बसलेला हवा. शिरेलगतच्या धमनीत चुकून गेलं तर घोडा जागेवर कोसळतो. टॉर्चच्या उजेडात, हलत्या घोडीवर, सराव नसलेल्या माणसाने ते करू नये असं डॉक्टरांचं मत पडलं. त्यांनी सुई काढलेल्या पिचकारीने तेच औषध जिभेच्या मागच्या भागावर सोडायला सांगितलं. गुण यायला अर्धा-पाऊण तास जास्त लागतो, पण येतो. तेलावरच्या बंदीशी हे जुळत नाही असं वाटेल, म्हणून स्पष्ट करतो: सात मिलि घोडा गिळतो, पाव लिटर तेल नाही.

ठरलं ते असं. औषध एकदाच. नाडी 60 च्या वर जाऊन तिथेच राहिली, घोडी अंग टाकून लोळू लागली किंवा हिरड्या विटकरी-जांभळ्या झाल्या, तर गाडीरस्त्याने ताबडतोब उतरायचं. नाही तर तांबडं फुटताच. गाडी फळीसह साडेसातला रस्त्याच्या टोकाला उभी राहील, डॉक्टर आठपर्यंत तिथे येतील.

औषध एकदाच का, हे पाहुण्यांना समजावून सांगावं लागलं. रात्री एकला घोडी पुन्हा अस्वस्थ झाली तेव्हा ‘अजून थोडं द्या ना’ अशी विनवणी झालीच. पण हे औषध दुखणं झाकतं, अडलेला चारा पुढे सरकवत नाही. आतड्याला पीळ पडला असेल तर औषध देऊनही नाडी चढत राहते आणि वेदना फुटून बाहेर येते. तोच धोक्याचा इशारा असतो. वरचेवर औषध दिलं तर हा इशारा मिळतच नाही. शिवाय कोरड्या पडलेल्या घोड्याच्या मूत्रपिंडांना ते बाधतं.

रात्रीत काय केलं

औषध नऊ चाळीसला दिलं. चारा आणि चंदी पूर्ण बंद. बाकीच्या घोड्यांचा कडबाही तिच्यापासून लांब नेला. दर अर्ध्या तासाने दहा मिनिटं सपाटीवर चालवणं, बाकी वेळ उभी किंवा शांत बसलेली असेल तर तशीच राहू देणं. रात्रभर फरफटत चालवायचं ही पद्धत अजून दिसते. त्यातून घोडा थकतो, घाम जातो आणि मूळ दुखणं वाढतं. चालवायचं ते लोळून अंगाला मार बसू नये म्हणून, आणि थोड्या हालचालीने आतड्याला चालना मिळावी म्हणून.

पाण्याचं मात्र मोतद्दाराने सोडवलं. त्याने निळा टब बाजूला सारला आणि स्वयंपाकाचं ॲल्युमिनियमचं पातेलं घासून त्यात झऱ्याचं पाणी घेतलं. एकात साधं, दुसऱ्यात मूठभर गूळ कालवलेलं. घोडीने साध्याला तोंड लावलं नाही. गुळाच्या पातेल्यावर नाकपुड्या फुलल्या, कान पुढे आले, आणि गळ्याखालून घोट उतरताना दिसू लागले. मोतद्दार मोजत होता. एका घोटात साधारण दीडशे मिलि धरलं तर पहिल्या खेपेला तीन लिटर. पहाटेपर्यंत चार खेपांत मिळून नऊ-दहा लिटर गेलं असावं. मीठ घातलेलं पाणीही तिसऱ्या पातेल्यात ठेवलं होतं, लिटरला 9 ग्रॅम या मापाने, म्हणजे रक्ताच्या खारटपणाइतकं. ते तिने एकदाच चाखलं.

नोंदी आता वहीत होऊ लागल्या. साडेदहाला नाडी 44, बाराला 44, दोनला 46, चारला 48. औषधाचा जोर ओसरत होता, पण नाडी संथपणे चढत होती आणि हिरड्या ओलसर झाल्या होत्या. तीनला थोडा वायू आणि दोन सुके गोळे पडले. पाहुण्यांनी सुटकेचा श्वास टाकला. हा फसवा क्षण असतो. अडकलेल्या भागाच्या पुढे आतड्यात राहिलेली लीद पडतेच. तिच्यामागचा बोळा सुटला असा त्याचा अर्थ नाही. चारच्या सुमाराला एका पाहुण्याने मायेपोटी तिला ओंजळभर गवत दिलं. मोतद्दाराने ते तोंडातून काढून घेतलं. पहारा वाटून देताना ‘खायला काहीही नाही’ हे वाक्य प्रत्येकाला स्वतंत्रपणे सांगायला हवं होतं.

उतरण

सहा वीसला निघाले. घोडीला एकटीला न्यायचं, की सगळ्यांनी जायचं? एकटी घोडी सोबती मागे ठेवून चालत नाही. दर वळणाला थांबते, खिंकाळते, मागे ओढते. प्रमुख तिच्यासोबत गेला तर चार पाहुणे पाच घोड्यांनिशी जंगलात वाऱ्यावर. म्हणून सफर तिथेच थांबवून सगळ्यांनी उतरायचं ठरलं, तेही पायी. खोगिरं, भांडी, सामान मुक्कामी ठेवून वाटाड्याला तिथे बसवलं. दुपारी माणसं पाठवून ते उतरवलं.

उजेड असल्याने घाटवाट घेतली. पुढे कुम्मैत घोडीचा नेहमीचा जोडीदार, मग ती, मग बाकीचे, दोन घोड्यांत दोन घोड्यांइतकी जागा. पावणेनऊची वेळ धरली होती. आठ पाचला पोचले. रिकाम्या पाठीच्या घोड्याला उतरण सोपी जाते. वाटेत घोडी दोनदा थांबून ताणली, लघवी थोडी आणि गडद.

निदान आणि परिणाम

डॉक्टरांनी गुदद्वारातून हात घालून तपासलं. डाव्या बाजूला, मोठं आतडं जिथे वळसा घेऊन अरुंद होतं, तिथे कणकेच्या घट्ट गोळ्यासारखा चारा लागला. ही चारा अडकण्याची नेहमीची जागा. आतडं फुगलेलं नव्हतं, जागेवरून हललेलंही नव्हतं. नाकातून नळी घालून आधी पोटातून काही उलट येतं का ते पाहिलं. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे भरलेल्या जठरात आणखी ओतलं तर ते फुटू शकतं. काही आलं नाही. मग 6 लिटर कोमट क्षारपाणी आणि 2 लिटर लिक्विड पॅराफिन. दुपारी आणि रात्री पुन्हा सहा-सहा लिटर पाणी. शिरेतून सलाइन लावायची गरज पडली नाही.

संध्याकाळी लीद सैल होऊ लागली, दुसऱ्या दिवशी पहाटे तेलकट लीद भरपूर पडली. मग मूठमूठ हिरवं गवत, भिजवलेला गव्हाचा कोंडा, आणि पाच दिवसांत हळूहळू नेहमीचा चारा. चंदी दहा दिवस बंद. तीन आठवड्यांनी हलकं काम.

आठवड्याने दात तपासले तेव्हा वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा धारदार झालेल्या आढळल्या, गालाला आतून जखम होती. म्हणजे जाड ताटांचा कडबा ती नीट चघळतच नव्हती. त्यामुळे दोष एकट्या पाण्यावर टाकता येत नाही, आणि आम्ही टाकतही नाही.

निर्णयाच्या जागा

वाटेतल्या निर्णयांत ओढ्यावर 11:10 ला घेतलेला सगळ्यात महाग पडला. तापलेल्या घोड्याला पाणी दिल्याने पोट धरतं याला आधार नाही. लांब पल्ल्याच्या शर्यतींत घोड्यांना वाटेत मिळेल तिथे पाणी पाजतात आणि लगेच पुढे चालवतात. उलट घोड्याच्या घामात क्षार भरपूर असतात. पाण्यासोबत मीठही गेल्याने रक्ताचा खारटपणा फारसा वाढत नाही, आणि तहान लागल्याची खूण मेंदूपर्यंत उशिरा पोचते. म्हणजे घोडा सुकत असतो, पण त्याला तहान जाणवत नाही. तो पाणी मागतो तो क्षण वाया घालवला की पुढच्या टाक्यावर मागेलच असं नाही.

पण त्याहून मोठी चूक घरीच झाली होती आणि ती कुणाच्या डोळ्यांवर आली नाही. आकडेच पाहा. हिरव्या मक्यात शंभरात पंचाहत्तर-ऐंशी भाग पाणी असतं. 15 किलो हिरव्या चाऱ्यातून घोडीच्या पोटात रोज 11-12 लिटर पाणी न पिताच जात होतं. कडब्यात ते शंभरात दहा भाग. 6 किलोतून जेमतेम अर्धा-पाऊण लिटर. म्हणजे ओढा, टाकं, टब यांची गोष्ट सुरू होण्याआधीच तिच्या रोजच्या पाण्यात अकरा लिटरची तूट पडली होती. विसाव्याला एवढ्या घोडीला 16 ते 20 लिटर लागतं, घामाच्या चढणीच्या दिवशी त्याच्या दुप्पट. त्या दिवशी प्यालेलं मोजलं तर दहा-अकराच्या वर जात नाही. बादलीतलं पाणी सगळे बघतात. चाऱ्यातलं पाणी कुणी मोजत नाही.

साडेसहाचा ‘दमली असंल’ हा तिसरा टप्पा. मोतद्दाराला शंका होती म्हणूनच तो सांगायला आला होता. तेव्हा नाडी मोजली असती तर फोन अडीच तास आधी झाला असता आणि वनरक्षकाला कळवून गाडीरस्त्याने रात्री दहाच्या सुमाराला रस्त्याला लागता आलं असतं.

रात्री न उतरण्याच्या निर्णयाबद्दल मतं वेगळी असू शकतात. आमच्या मते तो बरोबर होता, पण आकड्यांची अट आधी ठरवली होती म्हणूनच. अट न ठरवता ‘बघू सकाळी’ म्हणून थांबणं हा जुगार झाला असता. घोडी पीळ पडलेली असती तर थांबून काय, उतरूनही फारसं हाती लागलं नसतं. पोटाची शस्त्रक्रिया होईल अशी सोय जवळपास नव्हती. हे सफर आखतानाच पाहुण्यांना सांगायला हवं.

वेगळं काय करता येईल

चारा सफरीच्या निदान आठ-दहा दिवस आधीपासून बदलत न्यावा. रोज थोडा हिरवा कमी, थोडा कडबा जास्त. सफरीवर कडबा न्यायचाच तर कुट्टी करून, आणि खाऊ घालण्याआधी अर्धा तास भिजवून. 6 किलो कुट्टी चांगली भिजवली तर सहा-सात लिटर पाणी तिच्यासोबतच पोटात जातं. कुट्टी भिजवून ठेवायची नाही. उन्हात दोन-तीन तासांत आंबूस वास येऊ लागतो आणि मग तिनेच पोट बिघडतं. चंदी कामासाठी एकदम वाढवू नये. वाढवायची तर आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त नाही, आणि दुपारच्या विसाव्याला पाण्याआधी तर नाहीच.

मीठ रोज 30 ग्रॅम, घामाच्या दिवशी 60 पर्यंत, ओल्या चाऱ्यात कालवून. मीठ सुरू केलं आणि पाणी मुबलक नसेल तर मात्र ते उलटतं, म्हणून जिथे पाणी नक्की आहे अशाच मुक्कामी.

पाण्याचं भांडं घरचंच असावं. रोज पागेत वापरलेला टब किंवा बादली सफरीला न्यावी, सामानाच्या घोड्यावर इंधनापासून वेगळी बांधावी. गुळाच्या पाण्याची सवय घरी आठवडाभर लावली तर अनोळखी झऱ्याचं पाणीही त्याच चवीचं करून पाजता येतं. ज्या टाक्यावर पाण्याची भिस्त आहे ते सफरीच्या दोन दिवस आधी वाटाड्याकरवी बघून घ्यावं. नोव्हेंबरात गेल्या वर्षीची माहिती कामाची नसते.

वहीत प्रत्येक घोड्याला एक पान: निघण्याआधी तीन दिवस विसाव्याची नाडी, मग रोज सकाळ-संध्याकाळ नाडी, प्यालेलं पाणी अंदाजाने, लिदेचे किती ढीग आणि कसे. धडधाकट घोडा दिवसाला आठ-दहा ढीग टाकतो. मुक्कामी सकाळी लीद पसरवावी लागतेच, पाण्यापासून निदान साठ मीटर लांब. त्याच वेळी मोजली तर वेगळा वेळ जात नाही. हे काम मोतद्दाराकडे द्यावं आणि त्याच्या शंकेवर प्रमुखाने नाडी मोजायची हा नियम ठेवावा, वाद न घालता.

पुढच्या हंगामात त्याच सफरीला कुम्मैत घोडी पुन्हा गेली. ओढ्यावरचा मुक्काम वीस मिनिटांचा केला आहे. तंग दोन भोकं सैल करतात, लगाम काढतात आणि सगळी सहा घोडी एकदम पाण्यावर सोडतात. कुम्मैत सगळ्यात शेवटी वर येते.